उपाशी पोटी आणा

माझे सासरे घाबरट आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत नाही, निदान रोज तरी म्हणत नाही; पण आहे ते आहे. दारावरची बेल लागोपाठ दोनदा वाजली की ते दाराकडे न बघता आधी माझ्याकडे बघतात. फोनवर बँकेचा मेसेज आला की चष्मा पुसून तो तीनदा वाचतात आणि विचारतात, “आपलं काही चुकलं का गं, सूनबाई?” सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं आता काय चुकायचं राहिलंय? पण नाही. काहीतरी चुकलेलंच असणार आणि कोणीतरी रागवायला निघालेलंच असणार, असं धरून हा माणूस सकाळी उठतो.

चौतीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला. तीन पाळ्या, पाळीला चारशे ताटं. कमरेएवढी पातेली, वाफेनं भिजलेल्या भिंती, आणि भात ढवळायला वल्ह्याएवढा लाकडी उलथणा. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत. कारखान्यातली माणसं त्यांना ‘वाढीव’ म्हणायची. ताटाला एक डाव भाजी असं माप ठरलेलं होतं. पण मॅनेजरची पाठ वळली रे वळली की यांचा दुसरा डाव पडायचाच. रांगेतली पोरं ओरडायची, “वाढीव, आज साहेबांची पाठ कधी वळणार?” आणि हे घाबरून म्हणायचे, “हळू बोला रे, हळू!” पण वाढायचे. उपाशी तोंड समोर आलं की यांचा हात यांच्या ताब्यात राहात नाही. हे मूळ लहानपणाचं असावं. मामाकडे वाढले, सगळ्यांत शेवटी जेवायला बसायचे, पातेल्यात उरेल ते. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. माझ्या मुलीनं एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, “खरवड छान लागायची गं.”

त्यांची एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना पाठ आहे. कारखान्यात एकदा रक्ततपासणी होती. सकाळी अकरा कामगार दवाखान्याच्या दाराशी उपाशी बसलेले. दवाखाना नेमका कँटीनच्या समोर. यांनी खिडकीतून बघितलं, अकराच्या अकरा तोंडं सुकलेली. राहवेना. गुपचूप सगळ्यांना चहा आणि पाव नेऊन दिला. कामगारांनीही मुकाट्यानं खाल्ला, कोण नाही म्हणतंय? सगळ्यांची साखर चढलेली आली. डॉक्टर चक्रावले, मॅनेजर तापला, सगळ्या स्वयंपाक्यांना एका ओळीत उभं केलं. कोणी दिलं म्हणून विचारलं. हे त्या ओळीत तिसरे होते. तोंडातून ब्र काढला नाही. अख्ख्या पाळीला माहीत होतं, पण कोणी नाव घेतलं नाही आणि यांनीही घेतलं नाही. ही गोष्ट सांगताना आम्ही हसतो, तेही हसतात, पण जरा उशिरा.

आता माझ्याबद्दल. मी बस डेपोत टाइमकीपर आहे. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली, कोण उशिरा आला, सगळं माझ्या वहीत. अडीचशे ड्रायव्हर-कंडक्टरांना वेळेवर हलवायचं तर गोड बोलून भागत नाही. आवाज चढवावा लागतो, आणि चढलेला आवाज उतरवायला डेपोत जागा नसल्यामुळे तो माझ्याबरोबर घरी येतो. मान्य आहे. पण माझ्या मनात काही नसतं. जे असतं ते तोंडावर बोलते आणि दोन मिनिटांत विसरते. घरातल्यांना हे माहीत आहे, असं मी बारा-पंधरा वर्षं समजत होते.

गुंडी मीच आणली. डेपोत गाड्या धुतात त्या जागेपाशी एक कुत्री व्याली होती, त्यातलं हे एक काळं, गोल पिल्लू. शर्टाच्या गुंडीसारखं दिसायचं, म्हणून गुंडी. आणली मी, पण झाली ती सासऱ्यांची. सासूबाई जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते, आणि बाबा दिवसभर स्वयंपाकघरात नुसते उभे असायचे. गुंडी आल्यावर त्यांना पुन्हा कोणीतरी सापडलं, जिच्या ताटात दुसरा डाव पडू शकत होता. दोन वर्षांत ती अशी फुगली की डॉक्टरीणबाईंनी वजनकाटा दोनदा तपासला.

त्या वर्षी गुंडी माजावर आली तेव्हा आमच्या फाटकाशी सात कुत्रे बसलेले असायचे. वॉचमन तक्रार करून थकला. एकदा गुंडी पट्टा सोडवून पळाली, तासाभरानं परत आली, आणि पुढचे दोन महिने आम्ही तिच्या पोटाकडे बघत काढले. काही झालं नाही, सुटलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता ऑपरेशन करूनच टाका. पिल्लं नको असतील तर गर्भाशय ठेवून उपयोग काय? पुढे वय झालं की त्यात पू होतो, आणि तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आता धडधाकट आहे तोवर केलेलं बरं.” मला पटलं. मी तिथल्या तिथे तारीख घेतली.

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवसापासून ते दिसेल त्या माणसाला विचारत सुटले. भाजीवाल्याला, लिफ्टवाल्याला, बागेत कुत्रं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला. “तुमच्याकडे केलं होतं का? उठली ना नंतर?” दहापैकी नऊ म्हणाले, काही होत नाही हो, संध्याकाळी घरी. दहाव्यानं सांगितलं की त्याच्या मेहुण्याचा कुत्रा भुलीतून उठलाच नाही. झालं! नऊ जण हवेत विरले आणि दहावा तेवढा घरात राहायला आला.

“सूनबाई, रद्द नाही का होत तारीख?”

“बाबा, ती काय लग्नाची तारीख आहे? होईल सगळं नीट.”

“नाही, म्हणजे ती उठली नाही तर...”

“उठेल! आणि पुन्हा हा विषय काढलात ना, तर मी तुम्हालाच तिच्याजागी झोपवून येईन!”

हे मी बोलले. आणि खरं सांगायचं तर मलाही धास्ती होती. रात्री कूस बदलताना गुंडीचा श्वास ऐकू आला नाही की मी उठून दिवा लावायचे. पण माझी भीती तोंडातून बाहेर पडते, आणि बाहेर पडताना तिचा आरडाओरडा होतो. बाबांची भीती आत जाते.

दवाखान्यातून कागद मिळाला होता. रात्री दहानंतर अन्न नाही, सकाळी सहानंतर पाणी नाही, उपाशी पोटी आणा. मी तो फ्रिजवर लावला आणि खाली लाल पेननं माझी डेपोची भाषा लिहिली: ‘गुंडीला कोणीही काहीही देणार नाही. दिल्यास गाठ माझ्याशी आहे.’ मुलगी हसली. नवरा म्हणाला, “सही-शिक्का राहिला.” बाबा हसले नाहीत. त्यांनी तो कागद उभ्यानं वाचला आणि मान डोलावली.

सकाळी आठ वाजून पस्तीस मिनिटांनी आम्ही दवाखान्यात पोचलो. मी, बाबा आणि गुंडी. नवरा कामावर, मुलगी शाळेत. लांबट खोली, भिंतीला टेकून प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पायाखाली नुकतीच पुसलेली ओली फरशी आणि फिनेलचा वास. समोर एक बाई मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. गुंडी आत शिरताच बाबांच्या खुर्चीखाली घुसली, आणि बाबांनी दोन्ही पाय जवळ घेऊन तिच्याभोवती कुंपण केलं.

आठ चाळीसला मदतनीस मुलगी फॉर्म घेऊन आली. वय, वजन, लस, आधीचे आजार. मग तिनं विचारलं, “शेवटचं कधी खाल्लं?”

“काल रात्री साडेनऊला,” मी म्हणाले.

“सकाळपासून काही नाही ना?”

“पाण्याचा थेंब नाही. माझ्या घरात सांगितल्याशिवाय पान हलत नाही.”

ती हसली, लिहून घेतलं. मी सही केली. बाबा खाली वाकून गुंडीचा कान कुरवाळत होते. ते काही बोलले नाहीत, आणि ते काही बोलतील असं मला वाटायचं कारणही नव्हतं.

नऊ वाजता डॉक्टरीणबाईंनी गुंडीच्या मागच्या पायात इंजेक्शन दिलं. “हे फक्त गुंगीचं,” त्या म्हणाल्या. “पूर्ण भूल आत, टेबलावर. थोड्या वेळात सुस्त होईल, मग नेऊ.” दहा मिनिटांत गुंडीची मान जड झाली. तिनं एकदा डोळे उघडून बाबांकडे बघितलं आणि हनुवटी त्यांच्या चपलेवर टेकली. मदतनीस मुलीनं आणि दवाखान्यातल्या एका पोरानं तिला चादरीत उचलून आत नेलं. दार बंद झालं. मी पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

बाबांच्या कपाळावर घाम फुटला होता. पंखा डोक्यावर फुल स्पीडमध्ये.

“सूनबाई,” ते म्हणाले, “भुलीत उलटी होते का गं?”

“होत नाही. म्हणूनच उपाशी ठेवतात.”

“आणि झाली तर?”

“बाबा!” मी म्हणाले. मांजराच्या बाईनं मान वर केली इतक्या जोरात म्हणाले. “माझं डोकं आधीच ठिकाणावर नाही. तुम्ही आता एक अक्षर बोलू नका.”

ते गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या दाराकडे बघत बसले. त्यांचा उजवा पाय थरथरत होता, आणि मला त्या थरथरण्याचाही राग आला. मनात आलं, आपण दोघींनीच यायला हवं होतं, या माणसाला घरी ठेवायला हवं होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, सवयीनं. नऊ सोळा. नऊ अठरा.

नऊ वीसला बाबा उठले. मला वाटलं बाथरूमला निघाले. ते थेट आतल्या दाराशी गेले. त्या दारावर लाल अक्षरात लिहिलं होतं, आत येण्यास सक्त मनाई. ज्या माणसानं आयुष्यात मनाई लिहिलेल्या दाराला बोट लावलं नाही, त्यानं दोन्ही तळव्यांनी ते दार बडवायला सुरुवात केली.

“थांबा! ओ डॉक्टर! थांबा, तिनं खाल्लंय!”

मी धावले. मदतनिसानं दार उघडलं तेव्हा बाबा तिच्या अंगावर कोसळता कोसळता राहिले. “दूध-पाव,” ते म्हणत होते, “दूध-पाव दिलाय मी, साडेसहाला, तीन पाव, दुधात कुस्करून. भूल देऊ नका तिला. पाया पडतो तुमच्या, भूल देऊ नका.”

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “थांब, सुई काढ. औषध सोडू नकोस.” आणि मग लगेच, वेगळ्याच आवाजात, “डोकं खाली घे तिचं! डोकं खाली!”

दार आमच्या तोंडावर बंद झालं.

त्यानंतर जे ऐकलं ते मी विसरणार नाही. आधी गुंडीचा ओकारीचा आवाज, तो आम्हाला ओळखीचा होता. मग खोकला. ओला, अडकलेला खोकला, आणि मग काहीच नाही. मग मशीन सुरू झाल्याचा खरखराट. “जीभ बघ,” कोणीतरी म्हणालं. “निळी पडतेय.” मी दाराला पाठ लावून खाली बसले, ओल्या फरशीवर, डेपोच्या गणवेशात. बाबा उभेच होते, तोंड दाराला लावून. “गुंडे,” ते दारातून म्हणत होते, “गुंडे, बाळा, श्वास घे गं. घे ना.”

किती वेळ गेला? नऊ वीस ते नऊ एकतीस, अकरा मिनिटं. मी टाइमकीपर आहे, पण त्या अकरा मिनिटांना मी हिशेबात धरू शकत नाही. मांजराची बाई टोपली खाली ठेवून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्क गळ्यात ओढलेला, अ‍ॅप्रनवर डाग.

“आहे,” त्या म्हणाल्या. “श्वास चालू आहे. ऑक्सिजन लावलाय. थोडं श्वासनलिकेत गेलं, ते खेचून काढलं. आता फोटो काढून छाती बघते. दुपारपर्यंत इथेच राहील. छातीत राहिलं असेल तर न्यूमोनिया होऊ शकतो, त्यामुळे आत्ता मी काही वचन देत नाही.”

“ऑपरेशन?” मी विचारलं. काय प्रश्न तरी!

“कसलं ऑपरेशन? आज काही नाही.” त्यांनी बाबांकडे बघितलं. “काका, मी भुलीचं औषध नळीला लावलं होतं. बोट दाबायचं बाकी होतं. पूर्ण भुलीत ती ओकली असती तर तिला खोकताही आलं नसतं. कळतंय ना मी काय म्हणतेय ते?”

बाबांनी मान हलवली.

“आणि दूध-पाव म्हणालात. अंडंही निघालंय, उकडलेलं. तेही दिलंत?”

“अंडं?” बाबा म्हणाले. “नाही हो, अंडं मी नाही...” आणि ते थांबले. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. “हो,” ते म्हणाले. “हो हो. अंडंही मीच दिलं. सगळं मीच दिलं.”

डॉक्टरीणबाई आत गेल्या. मी फरशीवरून उठले. आमच्या घरात उकडलेलं अंडं एकच माणूस खातो, रोज सकाळी सातला, आणि तो माणूस माझ्या सासऱ्यांचा मुलगा आहे. मी व्हरांड्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला. मी हॅलोसुद्धा म्हणाले नव्हते.

“बाबांनी सांगितलं का?” नवरा म्हणाला.

“काय?”

मागे ऑफिसातला प्रिंटर चालल्याचा आवाज.

“अहो, काय सांगितलं?”

“नाही, म्हणजे... बाबांनी तिला पाव दिलेला मी बघितला. मग मला वाटलं, पोटात गेलंच आहे, तर अर्धं अंडं... ती अशी बघत होती ना. गुंडी बरी आहे ना?”

“ती आत ऑक्सिजनवर आहे! तुम्हाला माहीत होतं, तर मला का नाही सांगितलं? मी आंघोळीला गेले होते, गावाला नव्हते गेले!”

“सांगणार होतो गं.”

“मग?”

“तू बाहेर आलीस तेव्हा टॉवेलवरून ओरडत होतीस. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, जाऊ दे. एवढ्यानं काय होतंय.” मग म्हणाला, “छोटीनंही बघितलं होतं. ती म्हणाली, आईला कोण सांगणार? मी नाही बाई.”

मी फोन बंद केला. व्हरांड्यात एक रिकामा पिंजरा होता, त्याची कडी मी लावत होते, काढत होते. तिघं. तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही त्या कुत्रीवर जीव टाकतात. माझी मुलगी तर शाळेत जाताना गुंडीच्या नाकाची तीनदा पापी घेऊन गेली, रडवेली होऊन. मला वाटलं, ऑपरेशनच्या काळजीनं.

आणि मग माझ्यातल्या टाइमकीपरनं नको ते गणित मांडलं. आठ चाळीसला मदतनिसानं विचारलं, काही खाल्लंय का. नऊ वीसला बाबांनी दार बडवलं. चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं तो माणूस माझ्याशेजारी, हाताच्या अंतरावर बसून ठरवत होता. एका पारड्यात गुंडीचा जीव आणि दुसऱ्यात मी. आणि ते पारडं हलायला चाळीस मिनिटं लागली. मध्ये त्यांनी एकदा विचारलंही, भुलीत उलटी झाली तर? ते सांगायचंच म्हणून विचारत होते. मी म्हणाले, एक अक्षर बोलू नका.

मला रडू आलं. मी चारचौघांत रडत नाही, पण आलं, आणि मला माझी लाज वाटली. मनात काही नसतं म्हणे! माझ्या मनात नसेल. त्यांच्या मनात होतं ना.

साडेबाराला त्यांनी आम्हाला आत सोडलं. गुंडी कोपऱ्यातल्या गादीवर पडली होती. पोटावरचे केस काढलेले, ते गुलाबी पोट वरखाली होत होतं. पुढच्या पायाला पट्टी. बाबांना बघून तिची शेपूट दोनदा हलली. छातीचा फोटो साफ होता. “तरी चार दिवस लक्ष ठेवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खोकला, ताप, काही वाटलं तर लगेच आणा. ऑपरेशन तीन आठवड्यांनी बघू.” मग त्या माझ्याकडे वळून हसून म्हणाल्या, “आणि त्या दिवशी स्वयंपाकघराला कुलूप लावा.”

त्यांनी गमतीत म्हटलं. बाबांनी मान खाली घातली.

औषधं बांधून येईपर्यंत आम्ही पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसलो. गुंडी चादरीत गुंडाळून बाबांच्या मांडीवर, तिची मान त्यांच्या भाजलेल्या हातावर. समोर आता दोन नवी माणसं बसली होती, एक ससा घेऊन आलेला मुलगा आणि त्याचे वडील. मला बोलायचं होतं. काय बोलायचं ते माहीत होतं: बाबा, तुम्ही दार बडवलंत म्हणून ती वाचली. एवढंच वाक्य. डेपोच्या माइकवर मी दिवसाला दोनशे वाक्यं बोलते. मी त्यांच्याकडे वळले आणि घसा साफ केला.

बाबा पटकन पुढे झुकले. त्यांनी गुंडीला छातीशी धरलं आणि माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, “सूनबाई, घरी गेल्यावर बोल. तू बोलशील ते ऐकून घेईन. इथे नको. इथे लोक आहेत.”

ते वाक्य आलंच नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले, तो गुंडीच्या पाठीवरून फिरत होता. सकाळपासून या माणसानं पाण्याचा घोट घेतलेला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. गुंडीला दूध-पाव देऊन ते स्वतः मात्र उपाशीच निघाले होते.

“पाणी हवंय का?” मी विचारलं.

खरंच तेवढंच विचारलं. पण आवाज माझाच होता, नेहमीचा. बाबा दचकून उभे राहिले, गुंडीसकट. “नको नको,” ते म्हणाले, “मला काही नको. कुणालाच काही नको.”